अंतर तेच, मग विमानाला जाताना आठ तास आणि येताना सात कसे?

भाचीने परवा लंडन-न्यूयॉर्कच्या तिकिटांचा स्क्रीनशॉट पाठवला. जाताना आठ तासांच्या वर, येताना सात तास, आणि खाली तिचा मेसेज, "मामा, शहरं तीच दोन, अंतर तेच, मग हा मधला तास जातो कुठे? वेबसाइट चुकलीय का?" मी लिहिलं चुकलेली नाहीये, थांब सांगतो, आणि टाइप करायला बसलो तर लक्षात आलं की हे दोन ओळींत उरकणारं प्रकरणच नाही. कारण तिने वर असंही विचारलं होतं की एका साइटवर अंतर वेगळं आणि दुसऱ्या साइटवर वेगळं का दिसतं, आणि साडेपाच हजार किलोमीटरला नऊशेने भागलं तर सहा तासच येतात, मग आठ कशाला. तीनही प्रश्न अगदी बरोबर आहेत आणि हे प्रश्न खूप जणांना पडतात, म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी अंतर, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो

भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. त्यावर न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच आडव्या रेषेवर आहेत, दोन्ही ४० अंश उत्तर अक्षांशाच्या थोडंसं वर. मग माणसाला वाटतं की विमान सरळ पूर्वेकडे तोंड करून निघालं की पोचलं. आता घरात पृथ्वीचा गोल असेल तर घ्या, नसेल तर मोठा बॉल घेऊन त्यावर पेनने दोन ठिपके काढा, आणि एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर दोरा ताणून धरा. दोरा आडव्या रेषेवर राहतच नाही, तो आपोआप वर उत्तरेकडे सरकतो आणि मग खाली येतो. तुम्ही बळेच त्याला आडव्या रेषेवर दाबून धरलात तर तो लगेच सैल पडतो, म्हणजे तेवढा दोरा जास्त लागतो. हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघाच, वाचून जे पटत नाही ते बोटांना लगेच कळतं.

न्यूयॉर्क-माद्रिदचं आडव्या रेषेवरून अंतर साधारण ५,९५० किलोमीटर भरतं आणि ताणलेल्या दोऱ्याने साधारण ५,७७०. म्हणजे नकाशावर जो रस्ता वाकडा, लांबचा दिसतो तोच १८० किलोमीटरने जवळचा आहे. गोलावरच्या या सगळ्यात जवळच्या रस्त्याला बृहद्वृत्त म्हणतात, इंग्रजीतलं ग्रेट सर्कल. शब्द जड आहे म्हणून इथून पुढे मी त्याला दोऱ्याचं अंतरच म्हणणार आहे.

नकाशा असा फसवतो त्याचं कारण म्हणजे आपल्या डोळ्यांना सवय झालेला नकाशा गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये जहाजांसाठी बनवला होता. त्यात दिशा बरोबर राहते, खलाशाला तेच हवं होतं, पण ध्रुवांकडे जाल तसं सगळं ताणून मोठं होतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं त्यावर, आणि खरं तर आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे! अशा नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणं म्हणजे सुरकुतलेल्या कापडावर माप घेण्यासारखं.

मग दोन साइटवर आकडे वेगळे का? बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. एक साइट शहराच्या मध्यापासून मोजते, दुसरी विमानतळापासून. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब आहे, तेवढ्याने आकडा बदलणारच. दुसरं कारण मैलाचं. आपला नेहमीचा मैल १.६ किलोमीटरचा, आणि विमानवाले, जहाजवाले वापरतात तो नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा. एकाने हा धरला, दुसऱ्याने तो, आणि वाचणारा दोन्ही मैल एकच समजून किलोमीटर करत बसतो.

पण विमान दोऱ्यावरून उडतच नाही

म्हणजे शक्य तितकं त्याच्या जवळून उडायला बघतं, पण आकाश मोकळं मैदान नाहीये. वर ठरलेले बिंदू असतात, त्यांना पाच अक्षरी नावं असतात, आणि विमानाचा मार्ग म्हणजे हे बिंदू एकापुढे एक जोडत जाणं. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या दिशेने तोंड करून करायचं असतं, म्हणजे जायचंय पूर्वेला आणि त्या दिवशी धावपट्टी पश्चिमेकडची चालू असेल तर आधी उलट दिशेला वर जाऊन मग वळायचं. हे सगळं मिळून दोऱ्याच्या अंतरात काही टक्के भर पडतेच.

मोठी भर पडते ती मात्र दोन गोष्टींनी, डोंगर आणि देशांच्या सीमा.

डोंगर म्हटलं की लोक म्हणतात, अहो विमान अकरा किलोमीटर उंच असतं, एव्हरेस्टसुद्धा नऊच्या आत आहे, मग अडचण काय? अडचण सगळं सुरळीत असताना काहीच नाही. पण केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला विमान झपाट्याने साधारण तीन हजार मीटरपर्यंत खाली आणावं लागतं, कारण डोक्यावरून जे मास्क खाली पडतात त्यातला ऑक्सिजन पाऊण तास पुरत नाही, तो थोड्याच मिनिटांचा असतो. आता तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे, तिथे खाली येणार कुठे? म्हणून तिबेटवरून थेट जाण्यापेक्षा बाजूने जाणारे मार्ग जास्त वापरले जातात.

आणि सीमांचं तर गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी बघितलंय. हेलसिंकी ते टोकियो हा रस्ता दोऱ्याने बघितला तर जवळजवळ सगळा रशियावरून जातो, साधारण ७,८०० किलोमीटर, साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं, आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीला उत्तर ध्रुवावरून वळसा घालून टोकियो गाठावं लागलं, तेच अंतर आता तेरा तासांचं झालं. शहरं जागची हलली नाहीत, दोरा तेवढाच आहे, पण साडेतीन तास वाढले. एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाश बंद केलं तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांचंही तेच झालं, आधी दक्षिणेकडे खाली उतरून मग अरबी समुद्रावरून वळायचं.

म्हणून "अंतर इतके किलोमीटर, वेळ इतके तास" असं एका ओळीत लिहिलेलं कुठे वाचलं की पहिला अर्धा भागच पक्का समजा.

आता तो एक तास

नऊशे किलोमीटर ताशी हा जो वेग सांगतात तो कशाच्या संदर्भात? इथेच सगळी गोम आहे. तो जमिनीच्या संदर्भात नसतो, तो भोवतालच्या हवेच्या संदर्भात असतो. विमानतळावर तो सरकता पट्टा असतो ना, ज्यावर सामान घेऊन लोक उभे राहतात, त्यावर तुम्ही नेहमीच्या चालीने चाला. पाय तेवढेच उचलताय, दमताय तेवढेच, पण बाजूच्या जमिनीवरून चालणाऱ्याला मागे टाकताय, कारण पट्टा तुम्हाला नेतोय. उलट्या पट्ट्यावर चाललात तर तीच चाल, पण पुढे सरकणं निम्म्यावर.

आकाशात असा पट्टा खरोखर आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची गार, या फरकामुळे हवा ध्रुवाकडे वाहू बघते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तिची दिशा वळून पूर्वेकडे होते. हिवाळ्यात तापमानातला हा फरक जास्त असतो म्हणून वाराही जास्त. एरवी ताशी शंभर-दोनशे किलोमीटर, कधी कधी तीनशेच्याही वर जातो.

भाचीचा हिशोब आता करूया. लंडन-न्यूयॉर्क विमानतळ ते विमानतळ साधारण ५,५५० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ९००, वारा धरा १२०. जाताना तो समोरून, म्हणजे जमिनीवरचा वेग ७८०, लागले सात तासांच्या थोडं वर. येताना तो पाठीशी, वेग १,०२०, लागले साडेपाच तासांच्या आत. दोन्हीकडे चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत जाणं याचा तासभर धरला तर आठ आणि साडेसहा, आणि विमान कंपनी थोडी सवड ठेवते ती मिळवली की तिकिटावरचा आकडा आला.

हे मी एकदा समोर बघितलंय. रात्रीचं पूर्वेकडे जाणारं विमान, सगळे झोपलेले, मला झोप येत नव्हती म्हणून सीटसमोरचा स्क्रीन बघत बसलो होतो. बाहेरचं तापमान उणे ५७, पाठीचा वारा १७०, आणि त्याखाली वेग १,०७४. मी तो आकडा दोनदा वाचला कारण बाहेर अंधारात काहीही हलत नव्हतं, पाण्याच्या ग्लासात साधा तरंग नव्हता, आणि आम्ही तासाला हजाराच्या वर किलोमीटर मागे टाकत होतो. वारा आपल्याला नेतोय हे आतल्या माणसाला कळतच नाही, कारण तो त्याच वाऱ्याच्या आत असतो.

या वाऱ्याचा शोध कसा लागला ती गोष्ट मला फार आवडते. जपानमधले हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून, ते दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघत, वरच्या वाऱ्याची मोजमापं घेतली. १९२६ मध्ये त्यांनी ती छापली, आणि जगभर वाचली जावीत म्हणून एस्परांतो या, सगळ्या जगाला चालावी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापली, आणि ती भाषा वाचणारे इतके थोडे होते की बाहेर कोणाला पत्ताच लागला नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर उंचावरून उडायला लागली तेव्हा वैमानिकांना हा वारा अंगावर आला, तोवर ओइशींचे आकडे कागदावर तसेच पडून होते. आज जगातल्या प्रत्येक लांबच्या विमानाचा मार्ग या वाऱ्याकडे बघून ठरतो. अटलांटिकवर तर विमानांसाठीचे समांतर मार्ग रोज नव्याने आखले जातात, पूर्वेकडे जाणाऱ्यांना वाऱ्याच्या पट्ट्यात घालायचं आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्यातून बाहेर ठेवायचं.

९ फेब्रुवारी २०२० ला सियारा नावाचं वादळ चालू असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तेव्हा बरेच जण म्हणाले की ध्वनीचा वेग ओलांडला. नाही ओलांडला. ध्वनीसुद्धा हवेतूनच जातो, आणि त्या हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगात होतं. पट्टा जोरात सरकत होता एवढंच.

"पण पृथ्वी फिरते म्हणून होतं ना हे?"

हे उत्तर खूप ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. युक्तिवाद असा की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे विमान वर गेलं की खालची जमीन सरकते. तसं असतं तर पश्चिमेकडे जाणं सोपं व्हायला हवं होतं, ठिकाण स्वतःच आपल्याकडे येतंय ना! प्रत्यक्षात उलटं घडतं, यातच उत्तर आलं. विषुववृत्तावर जमीन ताशी साधारण १,६७० किलोमीटरने फिरते, पण तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमानसुद्धा उडायच्या आधीपासून त्याच वेगात असतं. धावत्या ट्रेनमध्ये चेंडू वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडत नाही, तुमच्याच हातात येतो, तसंच. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण आडून आहे, वाऱ्याची दिशा त्यामुळे ठरते आणि पुढचं काम वारा करतो.

"जाता-येता मिळून तरी हिशोब बरोबरीत सुटत असेल?"

नाही सुटत, आणि हे मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. सोपे आकडे घ्या, अंतर ३,६०० किलोमीटर, वेग ९००, वारा १००. वारा नसेल तर चार आणि चार, आठ तास. वारा असेल तर पाठीशी ३,६०० भागिले १,००० म्हणजे ३.६ तास, समोरून ३,६०० भागिले ८०० म्हणजे साडेचार तास, एकूण ८.१. सहा मिनिटं गेलीच. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, नुकसान जास्त वेळ चालतं आणि फायदा कमी वेळ. वारा जेवढा जास्त तेवढी ही खोट वाढते.

लांबचा रस्ता आणि लवकर पोचणं

आता इथपर्यंत आलात तर पुढचं उदाहरण सहज पटेल. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाचं विमान आधी युरोप, अटलांटिक असं पश्चिमेकडून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, साधारण १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान आधीपेक्षा लवकर पोचलं, साडेचौदा तासांच्या आसपास! भागाकार करून बघा, सरासरी ताशी १,०५० च्या वर येते, म्हणजे वारा जवळजवळ सगळा रस्ता पाठीशी. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन्ही बाजूंनी जाता येतं हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, त्याचा असा रोजचा उपयोग मात्र मला तरी या मार्गानेच शिकवला.

तिकिटावरचे तास हवेतले नसतात

तिकिटावर जो वेळ असतो तो विमान गेटवरून हलल्यापासून दुसरीकडे गेटला लागून थांबेपर्यंतचा. याला ब्लॉक टाइम म्हणतात, चाकांखाली जे ठोकळे लावतात त्यावरून आलेला शब्द, ठोकळे काढले तिथे घड्याळ सुरू, लावले तिथे बंद. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आलं, वीसेक मिनिटं चढणं आलं, आणि उतरणं, जे ठिकाणाच्या साधारण दोनशे किलोमीटर आधीच सुरू होतं. या सगळ्या वेळात विमान नऊशेने उडत नसतं. म्हणून जवळच्या शहरांत भागाकार सपशेल चुकतो. पाचशे किलोमीटरला नऊशेने भागलं तर तेहतीस मिनिटं येतात आणि तिकीट सव्वा तासाचं असतं, कारण विमान पूर्ण वेगात येतंय तोवर उतरायची वेळ झालेली असते.

वर कंपन्या थोडी सवड मिळवून ठेवतात. यात फसवणूक आहे असं काही जण म्हणतात, की उशीर झाला तरी वेळेवर पोचल्याचं दाखवायला वेळ फुगवलाय. त्यात तथ्य आहे थोडं, वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवर धरायची पद्धत आहे आणि आकडे चांगले दिसावेत असं प्रत्येकाला वाटतं. पण पुढचं विमान पकडायचं असणाऱ्या माणसाच्या बाजूने बघा. रोजचा वारा वेगळा, रोजची रांग वेगळी, आणि तिकीट तर महिनोन् महिने आधी छापायचं असतं, मग थोडा जास्त वेळ लिहून लवकर पोचवणं हेच मला बरोबर वाटतं. मी एकदा पस्तीस मिनिटं आधी उतरलो आणि गेट रिकामं नाही म्हणून वीस मिनिटं विमानातच बसलो, तरी ठरल्या वेळेच्या आत बाहेर होतो.

"मग जोरात उडवत का नाहीत?"

कारण ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन भसाभसा जळतं. मोठी विमानं ध्वनीच्या ८५ टक्के वेगाने उडतात, छोटी ७८ टक्क्यांच्या आसपास, आणि त्या उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेगच ताशी १,०६० असतो, तिथूनच तो नऊशेचा आकडा येतो. कॉन्कॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचं, ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क-लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत केलं त्याने. पण प्रवासी शंभरेक, इंधन प्रचंड, आवाजाच्या दणक्यामुळे जमिनीवरून तो वेग चालत नसे, आणि २००३ मध्ये ते बंद झालं.

घड्याळाने वेळ काढू नका

निघायची वेळ आणि पोचायची वेळ दोन्ही त्या त्या गावच्या घड्याळाची असते, त्यांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ नाही. टोकियोहून संध्याकाळी निघून सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या सकाळी उतरता येतं, निघायच्या आधी पोचल्यासारखं दिसतं ते, मधे तारखेची रेषा लागते म्हणून. तिकिटावर तास वेगळे लिहिलेले असतात तेच बघा.

मग अंदाज कसा लावायचा

दोऱ्याचं अंतर घ्या, ८५० ने भागा, त्यात अर्धा-पाऊण तास मिळवा. पूर्व-पश्चिम लांबचा प्रवास असेल तर पूर्वेकडे जाताना थोडं कमी करा, पश्चिमेकडे जाताना तेवढंच वाढवा, हिवाळ्यात हा फरक आणखी मोठा धरा. उत्तर-दक्षिण प्रवासात वारा बाजूने लागतो, तिथे जाण्या-येण्यात फारसा फरक पडत नाही. अंदाजापेक्षा तिकिटावरचा वेळ दोन-तीन तासांनी जास्त दिसला तर मधे कुठलं आकाश बंद आहे का ते बघा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

आणि कोणाला घ्यायला विमानतळावर जायचं असेल तर यातला कुठलाच हिशोब करू नका. विमानाचा नंबर फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर टाका, गेल्या आठ-दहा दिवसांत ते विमान रोज किती वाजता टेकलं ते तिथे दिसतं. भाचीला मी शेवटी तेच पाठवलं. दहापैकी आठ दिवस ते वेळेच्या आधी पोचलं होतं, एकदा तर एक्केचाळीस मिनिटं आधी, आणि तिचा लगेच मेसेज आला, "म्हणजे त्या दिवशी वारा होता."